बोटभर फट

चौऱ्याहत्तर वर्षांची झाली तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणायची. कारण बरोबर तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर थोरली राहायची. दोघी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे एकापाठोपाठ गेले, मुलं पांगली, पण नाती जिथल्या तिथे राहिली. थोरली आहे तोवर धाकटीला मोठं होण्याची सोय नव्हती.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि मुक्काम ठोकून बसली. गल्लीच्या समितीवर निवृत्त पोस्टमन होता. त्याचं टपाल सुटलं होतं, पण लोकांची दारं ठोठावायची खोड सुटली नव्हती. त्याने घरोघरी फिरून ठराव सांगितले. तळघरातला बॉयलर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास चालेल. कोळसा कुणीही जाळायचा नाही, कारण त्याचा धूर हिवाळाभर गल्लीतच कोंडून राहतो. पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकायचं नाही, वाळू टाकायची. मिठाने कोपऱ्यावरची दोन झाडं वाळली होती. आणि प्रत्येकाने आपल्या दाराखालची फट बुजवायची.

हे शेवटचं काम न विचारताच धाकटीच्या गळ्यात पडलं. तिने चाळीस वर्षं कोट शिवायच्या कारखान्यात काढली होती. प्रत्येक घराने एक जुना कोट द्यायचा, तिने त्याची लांब पिशवी शिवायची, पोस्टमनच्या पोत्यातली वाळू तिच्यात भरायची आणि तोंड शिवून टाकायचं. ती पिशवी दाराशी आडवी टाकली की वारा अडतो. लोक त्या पिशवीला साप म्हणू लागले. असे एकतीस साप झाले. जाड लोकर टोचून टोचून धाकटीच्या अंगठ्याला भोक पडायची वेळ आली. रात्री बोटं मिटायची नाहीत, सकाळी उघडायची नाहीत.

"तुम्ही होता म्हणून झालं," पोस्टमन म्हणाला.

"मी नसते तर कुणी गोधडी कोंबली असती. तेवढंच झालं असतं."

थोरलीचा साप तिच्या नवऱ्याच्या काळ्या कोटाचा होता. तो हातात घेऊन तिने दाराशी लावून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा साप आहे? गांडूळ आहे गांडूळ! बघ, कडेला बोटभर फट राहिली."

"मापच तसं आहे, जाऊबाई."

"कुणाचं माप?"

"सगळ्यांचंच. एकतीस घरांत तेवढीच फट आहे. जाऊन बघा."

"ह्या गुडघ्यांनी एकतीस घरं हिंडू? आणि कोट कुणाचा होता ते तरी आठव. ह्यांच्या कोटातलं कापड वाचवलंस! काय करणार होतीस त्याचं, टोपी?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. धाकटी ह्याच गल्लीत लहानाची मोठी झाली होती, थोरली बाहेरून आली होती. धाकटी नऊ वर्षांची असताना मागच्या घरातल्या माणसाने थंडीला वैतागून दारंखिडक्यांच्या सगळ्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि शेगडी पेटवून सगळे झोपले. सकाळी कोळशाच्या वायूने मेलेल्या चौघांना घोंगड्यांत गुंडाळून बाहेर आणलं. मुलांचे गाल लालबुंद होते, नुकतीच खेळून आल्यासारखे. त्या दिवसापासून धाकटीची आई दाराशी बोटभर फट ठेवायची. म्हणायची, घर म्हणजे बरणी नव्हे, झाकण घट्ट लावायला. धाकटीने एकतीसच्या एकतीस साप त्या बोटाच्या मापाने आखूड शिवले होते आणि कुणालाच त्याचं कारण सांगितलं नव्हतं. चार मिनिटांची गोष्ट होती. पण थोरलीला काही सांगायचं म्हणजे आधी तिचं ऐकून घ्यायचं, मग लग्नातल्या शालूपासून सगळं उगाळायचं. एवढं त्राण कुणात होतं?

"आणा इकडे," ती म्हणाली. शिल्लक राहिलेल्या बाहीचा तुकडा जोडून तिने साप चांगला चार बोटं वाढवला, वाळू ठासून भरली आणि वर नेऊन दिला. "घ्या. आता अजगर झाला."

थोरलीने तो ओढून घेतला आणि दार लावलं. त्यानंतर आठ दिवस दोघी बोलल्याच नाहीत.

फक्त नळी वाजायची. बॉयलरची गरम पाण्याची नळी दोघींच्या खोल्यांतून उभी गेली होती. नवरे गेल्यापासून थोरली सकाळी उठली की चमच्याने नळीवर दोन टोले द्यायची, खालून धाकटी एक द्यायची. दुपारी चहाच्या वेळी पुन्हा तसंच. मी आहे, तू आहेस, एवढाच निरोप. भांडण कितीही पेटलं तरी टोले चुकले नव्हते. उलट भांडणात थोरली जरा जोरातच मारायची.

नवव्या दिवशी सकाळचे टोले आले. दुपारचे आले नाहीत.

धाकटीने चहा केला, प्यायला. रागाने नसेल वाजवलं, तिला वाटलं. मग तिनेच चमचा घेऊन एक टोला दिला. काही नाही. दोन दिले. काही नाही. झोपली असेल. पण थोरली दुपारी झोपणाऱ्यांचा उद्धार करणारी बाई.

बावीस पायऱ्या. धाकटी दर पाचवीला थांबायची; त्या दिवशी एकदाच थांबली. दाराला कडी नव्हती, थोरली दिवसा कडी लावतच नसे, तरी दार हलेना. आतून साप चौकटीच्या दोन्ही बाजूंमध्ये पाचरीसारखा बसला होता. आपलीच शिवण, आपलीच वाळू. तिने खांदा लावला. दार वीतभर सरकलं आणि आतून ऊब आली. बॉयलर तर दहालाच बंद झाला होता.

तिने जिन्यात तोंड करून पोस्टमनला हाक मारली, अशी की खाली पायऱ्यांवर वाळू टाकणाऱ्या त्याच्या हातातलं घमेलं पडलं. मग श्वास रोखून ती अंग चोरून आत शिरली.

खोलीच्या मधोमध माळ्यावरची जुनी शेगडी निखाऱ्यांनी फुलली होती. वास रस्त्यावर जाऊन पोस्टमनला कळू नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली. थोरली खुर्चीत मान टाकून बसली होती. गाल लालबुंद.

धाकटीने खिडकी सताड उघडली, परत येऊन तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं.

"ऊठ! अगं ऊठ ना गं, ऊठ म्हणते ना! मेलीस तर बघ! ए, डोळे उघड! मी कुणाशी भांडू?"

दारापर्यंत तिने कसं ओढलं ते तिला पुढे कधी आठवलं नाही. दारातून पोस्टमनने उचललं. जिन्यातल्या गार हवेत थोरलीला उलटी झाली आणि ती कण्हली. कण्हली म्हणजे होती. मग रुग्णवाहिका आली. धाकटी वाळू टाकलेल्या पायरीवर बसून राहिली, अंगावर शालही न घेता. आपण रागाने दिलेला अजगरच जाऊबाईला गिळायला निघाला होता, असं तिला वाटत होतं. तिने एक जोड शिवला होता आणि तोंड शिवून घेतलं होतं.

थोरली तिसऱ्या दिवशी परत आली, पिवळी पडलेली. डोकं अजून दुखत होतं. पोस्टमन शेगडी घेऊन गेला आणि जाताना, समितीचा नवा ठराव असल्यासारखं, म्हणाला की फटीचं कारण आता तो एकतीस घरी सांगून येतो. धाकटीने त्याला ते आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता तेच ती थोरलीला सांगत होती. मागचं घर, चिंध्या, चार घोंगड्या. थोरलीने मधे एकदाही तोडलं नाही, हे पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"कंटाळा आला होता."

"माझा?"

"सगळ्याचाच. तुमचाही."

थोरलीने मान हलवली. तिला हे पटण्यासारखं वाटलं असावं. "मी तरी कुठे सांगितलं शेगडी काढली म्हणून," ती म्हणाली. "थंडी वाजते म्हणायची लाज वाटली. अख्खी गल्ली सोसतेय, आणि मीच तेवढी..."

साप मांडीवर घेऊन धाकटी कात्रीच्या टोकाने बाहीचा जोड उसवायला लागली. वाळू ओंजळभर परातीत सांडली. बोटं दुखत होती. तिने माप घेऊन तोंड परत शिवलं, साप दाराशी टाकला, आणि कडेला आपलं बोट घालून पाहिलं. गेलं.

"आता थंडी वाजली तर खाली यायचं," ती म्हणाली. "एकाच खोलीत दोघी बसलो की कमी गार वाटतं. बोलायलाच हवं असं नाही."

"तू मला अगं म्हणालीस," थोरली डोळे मिटूनच म्हणाली.

"तुम्ही शुद्धीवर नव्हता."

"ऐकू येत होतं. मेलीस तर बघ, म्हणालीस. थोरल्या जावेला."

धाकटीने दोरा दातांनी तोडला. आता सगळं उगाळलं जाणार. शालूपासून.

"पुन्हा म्हणू नकोस," थोरली म्हणाली, आणि थोडं थांबून, "लोकांसमोर."

धाकटी बावीस पायऱ्या उतरून घरी गेली. दर पाचवीला थांबली. चहाचं आधण ठेवलं तेव्हा वरून नळीवर दोन टोले आले, अगदी हलके. तिने चमचा उचलला, एक टोला दिला, आणि आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.