खोकल्यावर सुरू होणारी गाणी

बँडला चाळीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्या कार्यक्रमाच्या तालमीत पहिलं गाणं काही केल्या सुरू होत नव्हतं.

पाहुणे कलाकार तयारीचे होते. व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई, पोलीस बँडमधून निवृत्त झालेला ट्रंपेटवाला आणि ड्रमवर एक तरुण, नावाजलेला पाहुणा. त्याने काठ्या आपटून चार मोजले. बाईंनी गज उचलला. बँडचे तिघे म्हातारे मात्र काळ्या चामडी जाकिटांत खांबासारखे उभे. पाहुण्याने पुन्हा मोजलं, मग घंटा वाजवून पाहिली, लाल दिवा लावून पाहिला. तिघे ढिम्म हलले नाहीत.

कारण साधं होतं. त्यांचा ड्रमर प्रत्येक गाण्याआधी खोकायचा आणि त्या खोकल्यावर ते सुरू करायचे. हेवी मेटल वाजवून वाजवून कान तर केव्हाच कामातून गेले होते, पण तो खोकला त्यांना थेट छातीत लागायचा. ड्रमरला जाऊन आता आठ महिने झाले होते.

त्याची मुलगी कान तपासायचं काम करायची. कार्यक्रमाला तीन दिवस उरले तेव्हा बँडचे गायक तिच्याकडे आले. बोटांत कवट्यांच्या अंगठ्या, म्हणून लहानपणापासून ती त्यांना कवटीकाका म्हणायची. तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. एकामागून एक बारीक शिट्ट्या येऊन गेल्या, काका स्वस्थ बसून. मग त्यांनी आपणहून विषय काढला. बाबांचा शेवटचा निरोप तिच्या फोनवर आहे आणि त्यात खोकला आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तो मिळाला तर बरं होईल.

कानावर कसं आलं, हे तिने विचारलं नाही. त्या खोकल्यासाठी तिने बाबांच्या किती विनवण्या केल्या होत्या, एकदा डॉक्टरला दाखवा म्हणून. बाबा म्हणायचे, खोकला गेला तर गाणं कोण सुरू करणार? तिला ती थट्टा वाटायची.

"काका, खोकला वाढत चाललाय हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं ना. मग आम्हीही जोरात वाजवायला लागलो," कवटीकाका म्हणाले. "आम्हाला वाटलं, गडी रंगात आलाय."

तिने फोन यंत्राला जोडला. मग तिने तो निरोप हेडफोनवर सोडला. काकांनी तीनदा बटण दाबलं. तिन्ही वेळा अचूक.

तिने एक अट घातली. फक्त पहिला खोकला वाजवायचा. त्यापुढचे शब्द तिचे होते.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला ठेवला होता, कारण सहानंतर तिघांचे गुडघे धरायचे. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याने पहिला खोकला सोडला आणि तिघे असे तुटून पडले की व्हायोलिनच्या बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. गाणं संपलं. टाळ्या संपल्या. तिघे पुन्हा खांब. ध्वनीवाल्याने तोच खोकला परत लावला.

"हा पहिल्या गाण्याचा झाला," गिटारवाले काका माइकवरच म्हणाले. "दुसऱ्याचा कुठाय?"

प्रत्येक गाण्याचा खोकला वेगळा असतो, हे तिघांपैकी कोणीच आधी बोललं नव्हतं. त्यांच्या लेखी ही सांगायची गोष्टच नव्हती. यादीत अकरा गाणी होती.

समोर आठशे माणसं बसली होती. पडद्याआडून तिने ध्वनीवाल्याला, पुढचंही वाजव, अशी मान हलवली.

"जेवलीस का?" भिंतीएवढ्या स्पीकरांमधून बाबांनी विचारलं आणि खोकले. दुसरं गाणं झालं. "काही नाही, सहज केला होता फोन," म्हणाले आणि खोकले. तिसरं झालं. मग खट् असा आवाज आला. निरोप संपला होता.

कवटीकाकांनी पडद्याकडे नुसतं पाहिलं.

ती ड्रमजवळच्या माइकपाशी गेली. पहिल्यांदा, दवाखान्यात रांगेत बसल्यावर खोकतात तशी खोकली. कोणी हललं नाही. मग बाबांची नक्कल केली. लोक हसले, तिघे खांबच. तिला ते 'सहज' आठवलं. त्या दिवशी तिने उलट फोन केला नव्हता. आठ महिने घशाशी अडकलेलं काहीतरी वर आलं, रडू म्हणून निघालं आणि वाटेत त्याचा खोकला झाला.

तिघांनी माना वर केल्या.

"हा कुठल्या गाण्याचा?" गिटारवाल्या काकांनी विचारलं.

बेस वाजवणारे काका चाळीस वर्षांत स्टेजवर एक शब्द बोलले नव्हते.

"नवीन आहे," ते म्हणाले आणि त्यांनी सुरू केलं.