चार टायरांची हवा

पंपाचा आवाज सुरू झाला की काकूला जाग यायची. फुस्-खट, फुस्-खट. खिडकीखाली व्हॅन उभी असायची आणि चाकापाशी स्टुलावर बसून वस्ताद उजव्या पायानं पंप दाबत असायचा. डावा पाय पुढे पसरलेला, जावयासारखा, कुठल्याच कामाला न लागणारा. काकू उशी कानावर ओढायची आणि मनात म्हणायची, झाली बाई सुरुवात.

वस्ताद म्हणजे तिचा नवरा. अख्खी हयात त्यानं ट्रक चालवला, आणि हे नावही त्याला तिकडच्याच ड्रायव्हर लोकांनी दिलेलं. मग एक दिवस जेवता जेवता हातातला घास गळून पडला, तोंड वाकडं झालं, डावी बाजू गेली. जीव वाचला, स्टिअरिंग मात्र सुटलं ते सुटलंच. ट्रक विकून त्यांनी शाळेच्या मुलांची व्हॅन घेतली आणि ती चालवायला बायको बसली. पोरं तिला व्हॅनवाल्या काकू म्हणतात, गल्लीही तेच म्हणते, तर आपणही काकूच म्हणू.

घरात वस्तादाला आता काम म्हणाल तर एवढंच उरलं होतं, व्हॅनची हवा. सकाळी उठून स्वतःच्या पायानं जिना उतरायचा, चाकापाशी बसायचं, घाम गाळायचा. डॉक्टर दर वेळी व्यायाम करा म्हणून घसा कोरडा करायचे, तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. हवा भरायला लागल्यापासून माणूस दाढी करू लागला, चहा मागू लागला, काकूवर खेकसूही लागला. तिला तेसुद्धा गोड वाटलं. खेकसणारा नवरा परवडला, पण गप्प पडून राहणारा नको, असं ती शेजारणीला म्हणालीही होती.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वस्तादाच्या डोक्यात अजून ट्रकच होता. पोटभर माल लादलेला, टायर दगडासारखे टणक. व्हॅनच्या दारात आतल्या बाजूला कंपनीचं स्टिकर होतं, किती हवा भरायची ते त्यावर छापलेलं होतं. वस्ताद त्याकडे ढुंकून बघायचा नाही. "खुर्चीत बसून लिहिलंय ते," म्हणायचा, "रस्ता मी पाहिलाय." आणि भरायचा तट्ट. व्हॅनमध्ये जायची काय, तर पोरं आणि त्यांची दप्तरं. गाडी चेंडूसारखी उसळायची. मागच्या सीटवरची पोरगी एकदा उलटी करून मोकळी झाली.

काकूनं एकदा सांगून पाहिलं होतं. "अहो, जरा कमी भरा ना." तर वस्ताद दिवसभर जेवला नाही. "एवढं एक काम करतोय, तेही जमत नाही म्हण की." काकूनं कानाला खडा लावला.

मग तिनं तिचा मार्ग काढला. गल्ली संपली की पाण्याच्या टाकीमागे गाडी थांबवायची, केसातली पीन काढायची, चारही चाकांपाशी उकिडवं बसून थोडी थोडी हवा सोडायची. किती सोडली ते कशानं मोजणार? हवा मोजायचं गेज वस्तादाच्या खिशात. कानानं अंदाज घ्यायची, कधी घाईत जास्तच सुटायची. गुडघे दुखायचे, साडी मळायची, आणि कुणी पाहिलं तर काय म्हणेल याची धाकधूक वेगळीच. सकाळी त्यानं भरायची, मग हिनं सोडायची. दोघांचाही घाम फुकट गेला आणि संसार चालू राहिला. आहे ना गंमत?

एके सकाळी ती गंमत अंगाशी आली. शाळेच्या फाटकापाशी कुणीतरी रस्ता धुतला होता. काकूनं ब्रेक दाबला आणि गाडी थांबायची सोडून सरकली. तशीच, सावकाश, लोण्यावरून सुरी जावी तशी. समोर फाटकातून पोरं आत शिरत होती. थांबली, थांबली कशीबशी, फाटकाच्या खांबाला टेकून. मागची पोरं हसली, त्यांना खेळच वाटला. काकूनं मात्र एकेकाचा हात धरून त्यांना फाटकाच्या आत सोडलं.

तशीच ती पंक्चरवाल्याकडे गेली, खांबाला गाडी कशी टेकली ते सांगितलं. तो वस्तादाचा जुना दोस्त. त्यानं जॅक लावला, चाक फिरवलं, अंगठा फिरवला आणि चेहराच पाडला.

"वहिनी, हे काय झालंय?"

"काय झालंय?"

"हवा जास्त असली की टायर मध्ये फुगतो, मधली नक्षी झिजते. हवा कमी असली की मध्य वर राहतो आणि दोन्ही कडा घासतात. एका टायरला एक रोग होतो. तुमच्या टायरला दोन्ही झालेत. मध्येही टकला, कडेलाही टकला." त्यानं हात पुसले. "हवा कोण बघतं?"

"हे बघतात," काकू म्हणाली. पुढचं तिनं गिळलं.

"वस्ताद? मग असं कसं होईल?" तो विचारात पडला. "बरं, दुसरे घालून देतो. पण हवा स्टिकरवर लिहिलीय तेवढीच ठेवा. नाहीतर हेही असेच जातील, आणि दर वेळी मध्ये खांब असेलच असं नाही."

दुसरे टायर बसले. त्यांवरची ती खोल, कोरी नक्षी बघून काकूला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं. आता सांगावंच लागणार होतं. दुसऱ्यांची पोरं मागे बसवून नवऱ्याचा मान सांभाळायचा, हे कुठल्या तोंडानं चालू ठेवणार? आणि सांगितलं की वस्ताद पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपणार, हेही तिला लख्ख दिसत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. दमली होती बिचारी. गाडीनं दमली नव्हती, या लपवाछपवीनं दमली होती.

जुन्या टायरांपैकी एक पंक्चरवाल्यानं घरी पाठवला होता, झोपाळा करा म्हणाला. तो जिन्याखाली टेकवताना काकूला त्यावर खडूच्या रेघा दिसल्या. काही पुसट, काही ताज्या. पोरांचे उद्योग, असं म्हणून तिनं पदरानं हात पुसले.

वस्ताद खिडकीपाशी बसून पुटपुटत होता. हल्ली दुपारी तो असा पुटपुटायचा. "मोठा पूल, मग नाका, मग विहिरीजवळचं हॉटेल, मग घाट..." जुना ट्रकचा रस्ता. आठवणी येत असतील, असं काकू समजायची.

तिनं चहा त्याच्यासमोर ठेवला आणि बसली. "अहो, तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मी सांगतो," वस्ताद म्हणाला. चहाकडे त्यानं पाहिलंही नाही. "उद्यापासून हवा मी भरणार नाही. तू बाहेरून भरून घेत जा."

जे मागायला काकू आली होती, ते त्यानं आपण होऊन ताटात वाढलं होतं. हो म्हणावं आणि गप्प बसावं, कुणाला काही कळायचं नाही. एक क्षण तिला तसा मोह झालाही, खोटं कशाला बोला.

पण त्याचा चेहरा भलताच दिसत होता. "का हो?" तिनं विचारलं.

"मला माझा भरवसा राहिला नाही."

"म्हणजे?"

वस्तादानं कप बाजूला सरकवला. "रोज भरतो मी. निदान मला तरी वाटतं, की भरली. आणि दुसऱ्या दिवशी गेज लावावं तर चारही टायर बसलेले. आधी वाटलं, गळतंय. साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा नाही. अगं, एखादा टायर गळतो. चारही टायर एकदम गळत नाहीत. मग गळतंय ते माझं डोकं."

"अहो..."

"ऐक. डॉक्टर म्हणाले होते, विसरायला लागलात तर लगेच सांगा, दुसरा झटका येण्याची खूण असते. नाही सांगितलं मी. भीती वाटली. भरून झालं की टायरवर खडूनं रेघ मारायला लागलो. सकाळी रेघ असते, हवा नसते. म्हणजे रेघ मारतो नि भरायचं विसरतो. रोज तो रस्ता पाठ म्हणून बघतो, तेवढा अजून आहे. पण तुझ्या गाडीत पोरं बसतात. माझ्यासारख्या माणसाच्या हातात त्यांची चाकं नकोत."

देवा, हे काय करून बसलो आपण! इतके दिवस तिला वाटत होतं, ती त्याचं मन सांभाळतेय. आणि हा बाबा रोज सकाळी गेज लावून स्वतःला थोडा थोडा मेलेला मोजत होता.

तिनं केसातली पीन काढली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"हे काय?"

"मी सोडत होते हवा. टाकीमागे. रोज."

वस्तादाला कळायला वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. "अगं बाई! मला जिवंतपणी वेडा ठरवलंस तू!"

"तुम्ही तट्ट भरायचात! सांगितलं तर जेवायचा नाहीत!" काकूही चिडली, आणि चिडता चिडता रडायला लागली. "शाळेपाशी गाडी सरकली हो आज. पोरं होती समोर. टायर आपण दोघांनी मिळून खाल्ले. मध्ये तुम्ही, कडेनं मी."

वस्ताद आणखी ओरडायला गेला, पण मध्येच थांबला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "म्हणजे मी भरली होती?"

"हो."

"रोज?"

"एकही दिवस चुकला नाहीत."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. पण यावेळी खांदे हलत होते, आणि काकूनं त्याला तसंच हलू दिलं. चहा गार झाला.

सकाळी पंपाचा आवाज आलाच नाही. काकू दचकून उठली, खिडकीशी धावली. खाली वस्ताद व्हॅनचं दार उघडून, स्टिकरला नाक लावून उभा होता.

"अगं ए!" तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "किती लिहिलंय यावर? मला वाचता येत नाही. चष्मा कुठं ठेवला ते विसरलो!"

"कपाळावर बघा," काकू म्हणाली.