दसऱ्याची नवी डिस्क

दसऱ्याला हत्यारं पुजायची. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथला, ड्रिलला, वजनकाट्याला हार पडतात, मग कॉम्प्युटरनंच काय घोडं मारलंय? मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेल्या आकारामतात्यांनी आपल्या कॉम्प्युटर सेंटरात साग्रसंगीत पूजा घातली. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डावर आपट्याची पानं, आणि सीडीला हळदीकुंकू. तेही चकाकत्या बाजूला. चकाकतंय म्हणजे तोंड तेच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

सेंटरात टायपिंग शिकवणारी दीपमाला त्या दिवशी नव्हती. धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला ती आईबरोबर मिरजेला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेंटरवर आली तर निरोप येऊन थांबलेला. माधवनगरच्या टॉवेल कारखान्याचे मालक लालासाहेब दुपारी येणार होते. त्यांच्या सुताच्या साठ्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम दीपमालानं एकटीनं लिहिला होता. पण त्यांचं म्हणणं होतं, पडद्यावरचं आपल्याला काही कळत नाही, कागदावर काढून दाखवा.

प्रोग्रॅम पसंत पडला तर तात्या तिला टायपिंगच्या क्लासातून सोडवून प्रोग्रॅमचं काम देणार होते. नाहीतर लालासाहेब पुण्याची कंपनी गाठणार आणि दीपमाला जन्मभर पोरांना एएसडीएफ शिकवत बसणार. त्या खडखडाटाचा तिला मनापासून वीट आला होता.

बाकीचं सॉफ्टवेअर सीडीवरून मागंच मशीनमध्ये घातलं होतं, कागदावर छापायचं पॅकेज तेवढं राहिलेलं. तिनं सीडी घातली, बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, योग्य सीडी घाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सीडी बाहेर काढून उलटी केली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"तात्या, ह्ये कुंकू कुणी लावलं?"

"मीच की. का गं पोरी?"

मशीन सीडी त्याच चकाकत्या बाजूनं वाचतं, हे तिनं सांगितल्यावर तात्यांचा चेहरा पडला. एवढा मिशाळ माणूस, पण अगदी बारीक झाला. त्यांनी स्वतःच्या हातानं सीडी धुतली, मऊ फडक्यानं पुसली, पंख्याखाली धरली. सीडी आरशासारखी लख्ख झाली, मशीन मात्र हटून बसलं. योग्य सीडी घाला.

"माझ्या पायी तुझं काम बुडालं बघ," तात्या म्हणाले. त्यांनी लुना काढली, मिरजेच्या एका ओळखीच्या क्लासातून तसलीच दुसरी सीडी मागून आणली. हिला हळदकुंकू काही ठाऊक नव्हतं. तरी मशीनचं पालुपद तेच.

आता मात्र दीपमालाला शंका आली. दोन्ही सीड्या एकदम कशा बिघडतील? तिनं पुन्हा एकदा बटण दाबलं आणि या खेपेला पडदा न बघता सीडीच्या खणाकडं बघितलं. खणाचा हिरवा दिवा लागलाच नाही. म्हणजे मशीन सीडीला काही विचारतच नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात उभं राहून हाका मारत होतं.

"आवं तात्या, पूजेला आणखी काय काय केलं?"

"न्हाई बा, काय न्हाई. नारळ फोडला. आन् मुहूर्तावर नवी हार्डडिस्क बसवली. दसऱ्याला नवीन वस्तू घ्यावी, म्हून मुद्दाम आणली."

"आन् ह्ये मला आत्ता सांगताय व्हय?"

"तू कुंकवाचं ईचारलंस. डिस्कचं कुठं ईचारलंस?"

दीपमालाला हसू आवरेना. आजवर मशीनमध्ये एकच डिस्क होती, तिचं नाव सी, आणि सीडीच्या खणाचं डी. नवी डिस्क आली, तिनं डी बळकावलं, आणि खण मुकाट्यानं ई झाला. पॅकेज कुठून घ्यायचं त्याचा पत्ता मात्र पहिल्या वेळचाच, डी असा लिहिलेला. त्यामुळं मशीन कोऱ्या करकरीत डिस्कमध्ये पॅकेज शोधून दमलं होतं. तिनं सेटिंग उघडलं, डी खोडून ई केलं. खणाचा दिवा लुकलुकला, सीडी घुर्रर करत फिरायला लागली. तात्यांनी नकळत हात जोडले.

लालासाहेब आले तेव्हा प्रिंटर करकरत सुताचा हिशेब ओकत होता. त्यांनी चष्मा लावून कागद खालून वर, वरून खाली वाचला.

"बरोबर हाय. लय बेस. आता आमच्या हापिसातल्या मशीनवर बसवून द्या. कवा येताय, तात्या?"

आजवर गिऱ्हाइकाकडं तात्याच जायचे, दीपमाला सेंटर राखायची. तात्यांनी तिच्याकडं बघितलं.

"मला न्हाई जमायचं ते. मॅडम येतील."

मॅडम. सकाळपर्यंत ती नुसती 'पोरी' होती. दीपमालाला फार आनंद झाला. पण बोलली ती कामाचंच.

"लालासाहेब, तुमच्याकडं मशीनची पूजा झाली का हो?"

"झाली की. आन् मुहूर्तावर नवी डिस्क बी बसवली."

तात्या लगबगीनं उठले. "चला मॅडम, आत्ताच जाऊ. मी लुना चालवतो."