बिबट्याच्या दिवसांतली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. माझा सगळा जीव एका अरुंद तपकिरी फितीत गुंडाळलेला. ऊन लागलं की ती आकसते, ओल लागली की बुरशी धरते, आणि टेपच्या चाकात अडकली की क्षणात चुरगळते. अशा जिवानं घाबरू नये तर काय करावं?

माझ्यावर पाच गाणी आहेत आणि ती चार मुलखांतल्या पाच माणसांनी मिळून केलेली आहेत. सारंगीवाला राजस्थानचा. ऊद वाजवणारा अरबस्तानचा. ऊद म्हणजे पोट फुगलेलं, आखूड मानेचं एक तंतुवाद्य. गिटारवाला स्पेनचा, ढोलवाला आफ्रिकेचा, आणि गाणारी बाई तिथल्याच किनाऱ्यावरची. पहिल्या गाण्यात ही माणसं एकमेकांना बिचकून वाजवतात, ते मला आतून कळतं. पाचव्या गाण्यापर्यंत सारंगी मधेच थांबते आणि तिची अर्धी राहिलेली गोष्ट ऊद पुरी करतो. माझ्या वेष्टणावर नाव होतं ‘सात पाणवठे’.

मुंबईहून मी परळीला आले ती स्टेशनजवळच्या एका दुकानात. तिथं वर्षभर मला कुणी हात लावला नाही. माझ्या पाठीला दोन भोकं आहेत. ती उघडी असली की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही. पण त्यांत कागदाचा बोळा कोंबला, की माझी गाणी पुसून तिथं हवं ते भरता येतं. न खपलेल्या कॅसेटींचं दुकानदार हेच करायचा. एका दुपारी त्यानं मला खाली काढलं आणि बोळे कोंबले. माझ्या शेजारणी अशाच गेल्या होत्या. सकाळी त्यांच्यात एक आवाज असायचा, संध्याकाळी दुसराच. त्याचं बोट बटणावर होतं, तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, “थांबा की शेठ. पुसायच्या आधी ऐकवा तरी.”

तो बद्रीनाथ. विजेच्या कारखान्यात कोळसा उतरवायच्या कामाला शिरूर कासारहून आलेला, भुवयांवर राख बसलेली. त्यानं उभ्या उभ्या एक गाणं ऐकलं.

“ही तर आपली हलगीच हाय,” तो म्हणाला, “अन् उरसात वाजतंय तसं बी कायतरी हाय. कुणाचं हाय हो हे?”

“कुणाचंच न्हाई,” दुकानदार म्हणाला. “ना भजन, ना पिक्चर, ना कव्वाली. घेऊन जा बाबा.”

बद्रीनाथनं आधी माझ्या पाठीचे बोळे काढून टाकले. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरले नाही.

शिरूरजवळच्या त्याच्या वस्तीवर मी काही वर्षं वाजले. मग घरोघरी मोबाइल आले, आणि मी लोखंडी पेटीत गेले. पेटीच्या अंधारात पडून मी एकच गोष्ट ऐकायची, भंगारवाल्याची आरोळी. ती जवळ आली की माझी फीत आखडायची.

मग चार-पाच वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या तोंडाला, शिवारात बिबट्या आला.

पहिल्यांदा त्यानं वस्तीवरच्या धर्मराजची दोन करडं नेली. मग ओढ्याच्या पलीकडं एक म्हातारं माणूस गवत कापताना मागून उचललं. त्या दिवसानंतर वस्तीवर दिवसाढवळ्या दारांना कड्या लागू लागल्या. फॉरेस्टचा माणूस सांगून गेला: एकट्यानं रानात जाऊ नका, वाकून बसू नका, सारखा आवाज करत राहा.

पण कापूस कुणासाठी थांबतो? बोंडं फुटून लोंबत होती. निम्मी वस्ती ऊसतोडीला माजलगावकडं गेलेली, वेचणीला उरल्या त्या बायकाच. बद्रीनाथची बायको सुंदरबाई वयानं मोठी, म्हणून तीच पुढं झाली. तिच्यासोबत वस्तीवरच्या दुकानवाल्या मन्मथची बायको उमाबाई, आणि मंगल. मंगलला सातवा महिना होता, म्हणून नवऱ्यानं तिला तोडीला नेलं नव्हतं.

आवाजासाठी त्यांनी आधी मोबाइल नेला. त्याचा आवाज रानात डासासारखा. शिवाय लावायचं काय, यावरून रोज तंटा. उमाबाईला शिवाची भजनं हवीत, मंगलला लग्नातल्या वरातीची गाणी, आणि सुंदरबाईला दोन्ही नकोत. भांडण सुरू झालं की गाणं बंद पडायचं, आणि गाणं बंद पडलं की तिघी एकदम शेजारच्या उभ्या तुरीकडं बघायच्या.

शेवटी बद्रीनाथनं पेटी उघडली. जुना मोठा टेप पुसला, त्यात सेल घातले, मला आत सरकवलं आणि म्हणाला, “हे न्या. ह्यात समदंच हाय.”

मला बांधावर ठेवलं तेव्हा मी थरथरत होते. इतक्या वर्षांनी आवाज निघेल का? निघाला. पहिल्या गाण्यात ऊद सुरू झाला आणि उमाबाईनं मान वर केली. “अगं, ही तर एकतारीच! नुसत्या तारा लई लावल्यात.” ढोल आला तशी मंगल बोंडं वेचता वेचता डोलायला लागली. सुंदरबाई मात्र तिसऱ्या गाण्यापर्यंत नुसती वेचत राहिली. तिसऱ्यात ती किनाऱ्यावरची बाई एकटीच गाते. सुंदरबाईचा हात बोंडावरच थांबला.

“ही बाई दळताना गातीया,” ती म्हणाली.

“तुमाला काय ठावं, काकू? भाषा तर कळत न्हाई,” मंगल म्हणाली.

“भाषा जाऊ दे. श्वास कुठं घेती ते बघ. जातं वढताना आपण तिथंच घेतो.”

मग तंटा मिटला. रोज मी वाजायचे, आणि आठवड्याभरात तिसरं गाणं तिघींच्या तोंडी बसलं. त्यातला एकही शब्द त्यांना कळत नव्हता. पण माझी भीती काही गेली नव्हती, उलट वाढली होती. माझ्या आवाजावर तीन जीव टेकले होते, आणि माझी फीत किती जुनी आहे ते फक्त मलाच ठाऊक होतं.

एका दुपारी तेच झालं. तिसरं गाणं चालू असताना टेपच्या रबरी चाकानं माझी फीत धरली. मी आत आत ओढली जाऊ लागले, घडीवर घडी पडत गेली. आवाज आधी जड झाला, मग घोगरा, मग काहीच नाही.

“बंद कावून पडलं?” लांबून उमाबाई ओरडली.

“बघते मी,” म्हणत मंगल बांधाशी आली. अवघडलेलं अंग, उभं राहून झाकण उघडेना, म्हणून ती खाली बसली. वाकून बसू नका, असं बजावलेलं त्या घाईत कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

मंगलच्या पाठीमागं, पंधरा-वीस पावलांवर, तुरीचे शेंडे हलले. वारा नव्हता. तुरीतून आधी डोकं आलं, मग खांदे. पोट जमिनीला लावून तो पुढं सरकत होता आणि त्याचे डोळे मंगलच्या मानेवर होते. मला सगळं कळत होतं आणि माझ्या तोंडून एक सूर निघत नव्हता. मित्रांनो, मुकं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

सुंदरबाईनं त्याला पाहिलं. ती जागेवरूनच ओरडली.

“मंगल, उभी ऱ्हा! मागं बघू नको, पळू नको. उभी ऱ्हा माय!”

मंगल टेपवर हात टेकून कशीबशी उठली. आवाज थांबू नये म्हणून सुंदरबाई गायला लागली. तेच तिसरं गाणं, फाटक्या, कापऱ्या, मोठ्या आवाजात. उमाबाईनं पाण्याचा पत्र्याचा डबा उचलला आणि त्यावर दगडानं ढोलाचा ठेका धरला. दोघी गात, बडवत, एक एक पाऊल मंगलकडं येऊ लागल्या. मंगलही गायला लागली, डोळे मिटून.

बिबट्या थांबला. कान मागं पडले, दात दिसले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग त्यानं अंग वळवलं, आणि तूर पुन्हा सरळ झाली. तो गाण्यानं गेला, डब्यानं गेला की उभ्या माणसाला भिऊन गेला, मला माहीत नाही. टेप उचलून, एकमेकींना धरून तिघी गातच वस्तीवर आल्या. दाराला कडी लागल्यावरच गाणं थांबलं आणि रडणं सुरू झालं.

पंधरा दिवसांनी फॉरेस्टवाल्यांच्या पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला. तो तोच की दुसरा, कोण सांगणार? सुंदरबाई अजून रानात वाकायच्या आधी मागं बघते.

बद्रीनाथनं मला खोलून चुरगळलेली वीतभर फीत कापली आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. तिसऱ्या गाण्यातली अर्धी ओळ गेली. तिथं आता ‘टक्’ असा आवाज होतो आणि गाणं उडी मारून पुढं जातं. मंगलला मुलगी झाली, मोहिनी. तिच्या पाळण्याशी मला लावायचं ठरलं तेव्हा बद्रीनाथ नको म्हणत होता. “जोड तुटंल,” तो म्हणाला.

“पेटीत ठिवून तिचं लोणचं घालतो का?” सुंदरबाई म्हणाली. “लाव.”

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण पडलेली असेल. तिला उन्हात टाकू नका, ओलीत ठेवू नका. महिन्या-दोन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी फिरवून घ्या आणि वाजवा. न वाजवता जपलेली कॅसेट आतल्या आत चिकटून मरते. आणि तिच्यावर परक्या मुलखाचं गाणं असलं, तर पुसायच्या आधी एकदा ऐका.

मला भीती अजून वाटते. जोड जवळ आला की दर वेळी वाटतं, आता तुटले. मोहिनीनं ते गाणं नेहमी तसंच ऐकलं, तुटकं. अंगणात खेळताना ती ते एकटीच म्हणते, परक्या भाषेत, न चुकता. अर्ध्या ओळीपाशी येऊन थांबते, जिभेनं ‘टक्’ वाजवते आणि पुढं गाते.