छत्तीसवरून एकतीसवर

मैत्री माझ्यावर उभी राहिली की माझी सुई एका आकड्यावर ठरत नसे. अर्धा किलो इकडे, अर्धा किलो तिकडे. मित्रांनो, सुई सैल नव्हती. आठवीतल्या त्या मुलीचे पाय थरथरत होते.

मी एक जुना वजनकाटा आहे, तेलंगणातल्या तलमडुगुजवळच्या एका शाळेतला. नवा होतो तेव्हा माझ्यावर चढायला मुले रांग लावत. आता माझे रबर फाटले आहे आणि मला दाराआड ठेवतात.

सातवीपर्यंत मराठीत शिकलेली मैत्री यंदा तेलुगू माध्यमात आली. जूनमध्ये ती छत्तीस किलो होती, ऑगस्टमध्ये तेहतीस, ऑक्टोबरमध्ये एकतीस. मला भीती वाटू लागली. मला फक्त आकडा दाखवता येतो, हाक मारता येत नाही. विज्ञानाच्या आशाबाईंनी माझ्या काचेवर टिचकी मारली, "काटा म्हातारा झाला," म्हणाल्या आणि वहीत पुन्हा छत्तीसच लिहिले.

मैत्री वर्गात गप्प गप्प राहते म्हणून तिच्या आईला बोलवायचे त्यांच्या मनात दसऱ्याआधीपासून होते. पण गाव पोरीला वेडी म्हणेल, या धास्तीने त्या फोन हातात घेत आणि ठेवून देत.

मग दामिनी आल्या. मुलांच्या मनाचे त्रास शाळा कशा ओळखतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. आशाबाईंनी पाच दंगेखोर पोरांची नावे दिली, मैत्रीचे टाळले.

"आणि गप्प बसणारी मुलं?"

"ते तर शहाणे लेकरं, मॅडम. त्याहीचा काय तरास?"

दामिनींनी वजनाची वही चाळली. "ही मैत्री पाच महिन्यांत जराही वाढली नाही?"

"काटाच बिघडेल हाय."

दामिनींनी स्वयंपाकघरातून मिठाचे एकेक किलोचे दहा पुडे मागवले आणि माझ्यावर रचले. माझी सुई बरोबर दहावर थांबली. आशाबाईंनी वहीतले ऑक्टोबरचे छत्तीस खोडून एकतीस लिहिले.

आशाबाईंनी मैत्रीला बोलावले. "काऊन व माय, जेवत नाहीस?"

"फळ्यावरचं तेलुगू वाचता येत नाही, बाई. सर उभं करतेत. त्या भेवानं घास उतरत नाही."

मित्रांनो, जुनी वस्तू नकोसे काही सांगू लागली, तर तिला मोडकी म्हणण्याआधी एकदा तपासा. आणि शेजारी गप्प बसणाऱ्याला, जेवलास का, एवढे तरी विचारा.

आशाबाईंनी मैत्रीच्या आईला फोन लावला. या वेळी तो ठेवून दिला नाही.

"तुळजाबाई, मी शाळेतून आशाबाई बोलून राह्यले. तुमची मैत्री येडी नाही, भेलेली हाय. उद्या तिले आदिलाबादले डॉक्टरकडं नेऊ. मी संगं येते."