सहाच्या ठोक्याला लाल

फुटबॉलच्या मैदानावर निळा तंबू ठोकला होता आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायका कमरेची रंगीत कापडं, चितेंगे, पसरून दाटीवाटीने बसल्या होत्या. पुरुष खांबांना रेलून उभे होते. पुढच्या टेबलावर शाळेचा एक लॅपटॉप उघडा ठेवला होता, आणि त्याच्यामागे पांढऱ्या सुटातला उपदेशक पापा एलिफाझ घाम पुसत फेऱ्या मारत होता.

"बघा त्याच्याकडे!" तो गरजला. "दप्तरात बसून तुमच्या घरी आला. तुमची मक्याची सिमा खातो का?"

"नाही!" तंबू ओरडला.

"तुमचे शेंगदाणे खातो का?"

"नाही!"

"मग घरात राहून तो खातो तरी काय?"

पुढच्या रांगेतल्या एका बाईने मांडीवरचं मूल चितेंग्याखाली घेतलं.

"डोळे मिटा," पापा हळू आवाजात म्हणाला. "उघडा डोळा म्हणजे उघडं दार. नाग तिथूनच शिरतो."

शेकडो डोळे मिटले. माझे मिटले नाहीत, कारण मी प्रार्थनेला आले नव्हते. मी दवाखान्यातली सिस्टर. तंबूत मुली भोवळ येऊन पडतात म्हणून मला बोलावलं होतं. पापाने आशीर्वाद दिल्यासारखा लॅपटॉपच्या बटणांवरून हात फिरवला. मग खिशातून छोटी बाटली काढली. "जॉर्डन नदीच्या काठचं तेल! दुकानात मिळत नाही, फक्त स्वप्नात मिळतं!" चार थेंब ओतून तो मागे सरला आणि कुठल्यातरी न कळणाऱ्या भाषेत भराभर बोलू लागला.

आधी धूर आला. मग बटणांमधून जांभळट ज्वाळ भसकन उसळली. काडी नाही, काही नाही. तंबूभर किंकाळी उठली. शाळेच्या मुली एकीमागून एक कोसळल्या. त्यांची बोटं आखडली होती, डोळे फिरले होते. मी त्यांच्यामध्ये गुडघ्यांवर बसून एकेकीला सांगत होते, "हळू श्वास घे, बाळा. माझ्याबरोबर घे. आत... बाहेर..." भीतीने धापा टाकल्या की बोटं अशीच वळतात. श्वास सावकाश झाला की सुटतात. पण माझं ऐकतंय कोण? वर पापाचा आवाज घुमत होता.

"नाग जळला! पण हा एकच होता. त्यांना गावात घेणारं दार अजून उघडं आहे. ते दार म्हणजे एक मुलगी आहे. मार्कांसाठी तिने घरातलं माणूस दिलंय. पुढच्या रविवारी तिला इथे आणा."

त्याने नाव घेतलं नाही. तरी सगळ्यांनी एकाच बाजूला बघायचं टाळलं. त्या बाजूला लुसुंगु बसली होती, आपल्या आजीशेजारी. आजीने हळूच आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला.

जाता जाता पापाने माझ्याही डोक्यावर हात ठेवला. त्याच्या बोटांची टोकं तपकिरी झाली होती. जखमा धुवायचं जांभळं औषध हाताळलं की माझीही तशीच होतात.

*

हे सगळं सुरू झालं ते शाळेच्या त्या सत्राच्या सुरुवातीला. सरकारने हायस्कूलच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. शाळेत सूर्याच्या पॅनेलवर चार्ज करून घ्यायचा, घरी न्यायचा, घरी अभ्यास करायचा. एका पुस्तकावर चौघांनी डोकी घालायचे दिवस संपले म्हणून चिर्वा हेडमास्तरांनी भाषण केलं. मुलं ती यंत्रं तान्ह्या बाळासारखी चितेंग्यात गुंडाळून घरी घेऊन गेली.

आणि पहिल्याच संध्याकाळी, सहाच्या ठोक्याला, सगळ्या घरांतल्या लॅपटॉपचे पडदे एकदम लालसर झाले.

कोणी काही दाबलं नव्हतं. पण प्रत्येक झोपडीत तोच पांढरा उजेड एकाच क्षणी रक्तासारखा झाला. आया ओरडल्या, बापांनी यंत्रं अंगणात नेऊन ठेवली. सकाळी पाहिलं तर पडदा पुन्हा पांढरा. मुलांना कोणी सांगितलं नव्हतं, मास्तरांना माहीत नव्हतं. गावात कुजबुज सुरू झाली की यात माणसाच्या तोंडाचा नाग आहे, जो पाळणाऱ्याला हुशारी देतो आणि बदल्यात घरचं माणूस मागतो.

त्याच आठवड्यात लुसुंगुचा लहान भाऊ मावुतो वारला.

लुसुंगुला आई-बाप नव्हते. ती, मावुतो आणि आजी न्याझिंबा असं घर. शाळेत ती पहिली यायची. लोकांना आणखी काय हवं होतं? लाल पडद्यामागे पापाचा हात नव्हता, हे मला नंतर कळलं. त्याने फक्त ऐकलं की एका गावात भीती तयार आहे, आणि तो तंबू घेऊन आला.

तो आल्यावर पालक रांग लावून लॅपटॉप आणू लागले. एखादा तो सर्वांसमोर जाळायचा. बाकीचे गोणीत भरून तंबूमागच्या खड्ड्यात "पुरायचा", तेही आपल्याच माणसांकडून, कनात लावून. नाग बघू नये म्हणे. मला त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच. दवाखान्याचे बाक रिकामे होऊ लागले होते. तापाने फणफणलेली पोरं आता माझ्याकडे येत नव्हती. तंबूत जात होती.

*

मंगळवारी दुपारी लुसुंगु दवाखान्यात आली. छातीशी गाठोडं धरलं होतं. ती बाकावर बसली.

"सिस्टर, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मावुतोला मी मारलं का?"

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"त्याला ताप होता," ती म्हणाली. "मी त्याच्या चटईजवळ बसून गणितं करत होते. सहा वाजले, पडदा लाल झाला. तो उजेड त्याच्या तोंडावर पडला. त्याला मजा वाटली, हसला तो. मला म्हणाला, ताई, माझे हात बघ, टोमॅटो झालेत. आणि सकाळी तो उठलाच नाही. मला पहिला नंबर हवा होता, सिस्टर. मी देवाकडे मागितला होता. मी नकळत काही दिलं असेन का?"

"इकडे बघ माझ्याकडे. मावुतोच्या बोटातून रक्त मी काढलं. मलेरिया होता, मेंदूपर्यंत पोचलेला. सायकलवरून आणला तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. एक दिवस आधी..." मी थांबले. पुढचं तिला कशाला सांगायचं? "तो डासाने गेला. तुझ्यामुळे नाही."

"मग पडदा लाल का होतो?"

"ते मला माहीत नाही. पण मला माहीत नाही म्हणून तिथे नाग असतोच, असं थोडंच आहे?"

तिने डोळे पुसले. "आजी म्हणते, रविवारी हा लॅपटॉप पापाला देऊन टाकू आणि पाया पडू. मग ते सोडतील."

"सोडतील?"

"नाही सोडणार." ती शांतपणे म्हणाली. "काल आमच्या दाराशी कोणीतरी दगड रचून ठेवलेत. फेकले नाहीत. नुसते रचलेत."

मग तिने गाठोडं सोडलं. "मी इथे बसून लाल होण्याचं कारण शोधू? शाळेत माझ्याजवळ कोणी बसत नाही."

मी तिला लसीकरणाची खोली दिली. बाहेर मी पट्ट्या उकळत होते, आत बटणांचा टकटक आवाज. मध्येच ती दारात आली. "सिस्टर, सुट्टीत एकदा याची बॅटरी पार संपली होती. चालू केला तेव्हा याचं घड्याळ चुकलं होतं. त्या दिवशी पडदा भर दुपारी लाल झाला. म्हणजे हा सूर्य बघत नाही. नाग असता तर त्याला खरी संध्याकाळ कळली नसती का? हा फक्त स्वतःचं घड्याळ बघतो!"

"मग घड्याळाशी काय जोडलंय ते शोध."

थोड्या वेळाने आतून एक आवाज आला. हसणं की रडणं, कळेना. मी धावत गेले. पडद्यावर एक ओळ होती: रात्रीचा उजेड, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, डोळ्यांवर ताण पडू नये म्हणून.

"डोळ्यांसाठी," ती म्हणाली. "नुसतं डोळ्यांसाठी." आणि टेबलावर डोकं टेकून ती भावासाठी रडली, बहुधा पहिल्यांदाच.

मी चिर्वा सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, खिडकी लावून घेतली. "सिस्टर, पटतंय मला. पण माझीही लेकरं आहेत. उद्या मलाच दार म्हणाले तर? रविवारी मुलीला गावाबाहेर पाठवा, बस्स."

"आणि त्यानंतरच्या रविवारी कोणाला पाठवायचं, सर?"



*

रविवारी तंबूत गाणी नव्हती. पुरुष आत उभे होते आणि काहींच्या हातात काठ्या होत्या. लुसुंगु स्वतःच्या पायांनी आली, लॅपटॉप घेऊन. मागून न्याझिंबा, मान खाली घालून. मी तिच्याशेजारी चालत होते. माझ्या पिशवीत एक पत्र्याचं ताट आणि वाटून बारीक केलेलं जांभळं औषध होतं.

"आलं!" पापा दोन्ही हात पसरून म्हणाला. "दार स्वतः चालत आलं! डोळे मिटा सगळ्यांनी!"

"नका मिटू," मी म्हणाले. "आज उघडेच ठेवा. आणि पापाचा हात बघा."

तंबू थबकला. पापाचा हात लुसुंगुने टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपच्या बटणांपाशी होता, मूठ मिटलेली. त्याने तो चटकन मागे घेतला.

"ही कोण बोलते?"

"मी, सिस्टर न्यागोंडवे. या तंबूतली निम्मी पोरं माझ्या हातांवर जन्मलीत." मी ताट टेबलावर ठेवलं, त्यात औषधाची पूड ओतली. "हे जखमा धुवायचं औषध. आता तुमचं तेल द्या, पापा. यात नाग नाही, त्यामुळे काही होणार नाही, बरोबर?"

"पवित्र तेल तुझ्या हाताला..."

बाटली टेबलावरच होती. मी उचलली आणि ओतली. सगळे ताटाकडे बघत होते. धूर निघाला, आणि ताटातून तीच जांभळट ज्वाळ उसळली.

"हे तेल म्हणजे ग्लिसरिन," मी ओरडून सांगितलं. "माझ्याकडेही आहे, ओठ फुटले की लावते. या पुडीवर पडलं की आपोआप पेटतं. डोळे मिटून घेतलेत की हा मुठीतली पूड बटणांवर सोडतो!"

"चेटकीण!" पापा किंचाळला. "पाहिलंत? तिच्याही हातात आग आली! दोघी एकाच नागाच्या!"

मला वाटलं होतं लोक हसतील. ते हसले नाहीत. एक दगड आला, माझ्या खांद्याला लागला. काठीवाले पुढे सरकले. त्या क्षणी मला कळलं की दाखवलं म्हणून लोकांना दिसतंच असं नाही.

तेवढ्यात न्याझिंबा पुढे आली. तिने माझ्या हातून पुडी घेतली.

"मला दे. कसं करायचं?"

"आजी, लांबून ओता."

म्हातारीने ताटात पूड टाकली, तेल ओतलं आणि मागे झाली. ज्वाळ उठली. ती लोकांकडे वळली.

"आता मारा मला. मीही चेटकीण. माझ्या हातानेही पेटलं." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "न्यागोंडवे, मग माझा मावुतो कशाने गेला?"

"डासाने, आजी. मलेरियाने."

"मी त्याला आधी आणला असता तर?"

सगळा तंबू ऐकत होता. खोटं बोलणं सोपं होतं. "वाचण्याची आशा होती," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग नातीचा हात धरला, घट्ट. "मग पोरीला दोष कसला देता?"

"आणि ते रक्त?" मागून कोणीतरी ओरडलं. "सहा वाजताचं रक्त?"

लुसुंगुने लॅपटॉप उचलून लोकांकडे फिरवला. बाहेर रणरणतं ऊन होतं. तिने यंत्राचं घड्याळ पुढे नेलं, सहावर. पडदा लाल झाला. मागे नेलं, पांढरा. पुन्हा पुढे, पुन्हा लाल. "हे डोळ्यांसाठी आहे," ती म्हणाली. "कोणाच्याही यंत्रावर करा."

"माझ्या यंत्रावर कर." गर्दीतून चिर्वा सर पुढे आले, स्वतःचा लॅपटॉप धरून. चेहरा घामाने डबडबलेला. "सगळ्यांना दिसेल असं कर, बाळ."

त्यांचाही पडदा लाल झाला, मग पांढरा. कोणीतरी हसलं. मग एका काठीवाल्याने काठी खाली टाकली आणि तो तंबूमागे गेला. इतर त्याच्यामागे गेले. कनात फाडली, खड्डा उकरला. गोण्यांमध्ये फुटक्या विटा निघाल्या. लॅपटॉप कधीच शहराकडे विकायला गेले होते.

तोवर मैदानाच्या टोकाला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पापा एलिफाझ पसार झाला तो झालाच. पुढे ऐकलं, नदीपलीकडच्या एका गावात असाच तंबू पडलाय, नाव बदलून.

गेलेले लॅपटॉप परत आले नाहीत. उरलेल्यांवर मुलं दोघं-तिघं मिळून बसतात. चिर्वा सरांनी मग आयाबापांना शाळेत बोलावून यंत्राची प्रत्येक गोष्ट उघडून दाखवली. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते. घरात यंत्र पाठवलं आणि त्याची ओळख पाठवली नाही, तर रिकाम्या जागेत काहीही येऊन बसतं. लुसुंगुने परीक्षा दिली. पण सहा वाजता ती अजूनही यंत्र मिटून ठेवते. कारण ठाऊक असलं तरी भाऊ परत येत नाही, आणि त्या उजेडात तो तिला हसताना दिसतो.

म्हणून सांगते. कोणी डोळे मिटायला सांगितलं तर उघडे ठेवा. कोणी म्हणालं की हे फक्त मलाच जमतं, तर त्याचं तेल मागा, ताट मागा, स्वतः करून बघा. कळलं नाही तर "मला माहीत नाही" म्हणायला लाजू नका. तिथूनच शोध सुरू होतो. आणि लेकराला ताप आला तर तंबूत नेऊ नका. दवाखान्यात आणा. त्याच दिवशी आणा.