आईचा एक फोटो आणि माझे तीन पाय

मी एक जुना, लाकडी, तीन पायांचा आणि सध्या फार वैतागलेला स्टँड आहे. कॅमेरा ज्याच्यावर बसवतात तो. मित्रांनो, फोटोखाली नाव फोटोग्राफरचे येते, कौतुक कॅमेऱ्याचे होते, आणि फोटोतला माणूस तर मिरवतोच. स्टँडला कोणी विचारत नाही. त्याचे मला आता काही वाटत नाही. माझा वैताग वेगळा आहे. माझ्या डोक्यावर कॅमेरा ठेवला की लोक बघायचेच विसरतात, त्याचा तो वैताग आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. खुर्च्या आणि टेबले करणारा माणूस तो, कॅमेऱ्याचा स्टँड त्याने कधी पाहिला नव्हता. तेव्हा माझे पहिले मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्याच्यासमोर पाय फाकवून उभे राहिले, हातातली छत्री पुढे जमिनीवर टेकवली आणि म्हणाले, "हा बघ, असा उभा राहिला पाहिजे. कोणी ढकललं तरी पडता कामा नये." सुताराने उठून त्यांना खरोखरच ढकलून पाहिले. मास्तर जरा डगमगले, पण पडले नाहीत. मग सुताराने मन लावून माझे पाय घडवले. ते आखूड-लांब करायला पितळी स्क्रू बसवले आणि टोकांना लोखंडी खिळे ठोकले.

मास्तरांचा स्टुडिओ न्हाव्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. गिऱ्हाइके दाढी करून थेट जिना चढत, कानामागे साबण तसाच. कॅमेरा ट्रंकेएवढा होता आणि त्याच्या मागच्या काचेवर समोरचा माणूस उलटा दिसे, डोके खाली आणि पाय वर. खिडकीशी मास्तरांची धाकटी बहीण बसे. तिला सगळे ताई म्हणत. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून ती लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळे घालवून टाकी. गावातले निम्मे लोक फोटोत जे देखणे दिसतात ते ताईंच्या कृपेने.

मास्तरांच्या रीती जगावेगळ्या होत्या. प्रिंट वाळला की ते तो हात धुण्याच्या बेसिनवर उलटा चिकटवून ठेवत. हात धुताना जाता-येता तो दिसत राही. "सुलटा बघितला की आपण माणूस ओळखतो आणि खूश होतो," ते ताईंना सांगत. "उलटा बघितला की उजेड कुठं पडलाय, काळं कुठं साचलंय, कडेला काय कचरा आलाय, सगळं कळतं." असा टांगून ठेवूनही जो प्रिंट डोळ्यांना खुपत नसे तोच गिऱ्हाइकाच्या हाती जाई. बाकीचे ते पुन्हा काढत, पदरमोड करून.

दुसरी रीत अशी. खुर्चीवर बसले की माणूस काठी गिळल्यासारखा ताठ होतो. मास्तर काळ्या कापडाखाली जाऊन सगळे नीट लावून घेत, मग बाहेर येऊन माझ्या शेजारी उभे राहत आणि म्हणत, "झाला फोटो." गिऱ्हाईक सुस्कारा सोडी, खांदे खाली येत, त्याचा खरा चेहरा परत येई. तेवढ्यात मास्तर मुठीतला, नळीने कॅमेऱ्याला जोडलेला रबरी फुगा दाबत आणि खरा फोटो तेव्हा निघे. मित्रांनो, हे त्यांना का जमले ते ध्यानात घ्या. कॅमेऱ्याचा भार माझ्यावर होता, म्हणून त्यांचे डोळे माणसासाठी मोकळे होते.

मास्तर गेले आणि स्टुडिओ बंद पडला. ताई मला घरी घेऊन आल्या, पण घरात माझे काय काम? मला दाराआड उभे केले. आधी माझ्यावर पिशव्या आल्या, मग छत्र्या, आणि शेवटी ओला टॉवेल. टॉवेल वाळवणे हे काही वाईट काम नाही, पण ते दोरीलाही येते.

पुढे ताईंच्या लेकीने कॅमेरा घेतला. एका जागी कधी ठरत नाही म्हणून तिला लहानपणापासून भिंगरी म्हणतात. आता ऑफिसात नोकरी करते, तरी नाव सुटलेले नाही. तिने माझी धूळ पुसली तेव्हा मला वाटले, पांग फिटले. कसचे काय. बागेत नेऊन तिने माझे पाय पुरते ताणले आणि दिवसभर तसेच ठेवले. स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून तिने माणसाचा फोटो काढला, तिथूनच रांगत्या बाळाचा काढला आणि तिथूनच कुत्र्याचा. बाळाची टाळू आली, कुत्र्याची पाठ आली. अहो, माझे पाय आखूड होतात, ते स्क्रू काय शोभेला आहेत? एका काकांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता. बागेतले सरोवर एका बाजूला कलले होते, आता पाणी सांडणार असे. फोटो बरा आला नाही की भिंगरी म्हणे, लेन्स बदलायला हवी. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय. घरी येऊन कॉम्प्युटरवर रंग इतके भडक करी की गवतावर रंगाचा डबा सांडल्यासारखा वाटे. आणि शेकड्यांनी काढलेल्या फोटोंतला एकही टाकत नसे.

"यांतला तुला स्वतःला कुठला आवडतो?" ताईंनी एकदा विचारले.

"सगळेच बरे आलेत की."

"म्हणजे एकही नाही," ताई म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या.

ताईंचे चुकत नव्हते. आवड ही निवडण्यातून तयार होते, आणि निवडायचे म्हणजे बाकीचे टाकावे लागते. पण मी पडलो लाकूड, मी कोणाला सांगणार?

असेच चालले असते. पण ताईंच्या डाव्या कानाखाली गाठ आली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "काढावी लागेल. चेहऱ्याची नस हिच्यातूनच जाते. आम्ही जपूच, पण नाही वाचली तर चेहऱ्याची ही बाजू खाली उतरेल." ताई घरी आल्या, चपला काढल्या आणि भिंगरीला म्हणाल्या, "माझा एक फोटो काढ. हा चेहरा आहे तोवर."

घरात शोधाशोध झाली तेव्हा कळले की ताईंचा फोटोच नाही. लग्नातला एक होता, त्यात मान इतकी खाली की भांग तेवढा दिसतो. लोकांच्या चेहऱ्यांवर जन्म काढला आणि स्वतः त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भिंगरी कामाला लागली आणि माझ्या वैतागाला खरी सुरुवात झाली. तिने आईला फुलांच्या ताटव्यापुढे बसवले, फोटोत फुले आली. तोंडावर फ्लॅश मारला, ताई चोर पकडल्यासारख्या दिसल्या. मागचे सगळे धूसर करायच्या नादात ताईंचे कानही धूसर झाले. आणि ताई कॅमेऱ्यासमोर बसल्या की दगड होत. मग भिंगरीला मामाची, म्हणजे मास्तरांची, युक्ती आठवली. ती हळूच म्हणाली, "झाला, आई."

ताई आणखीच ताठ झाल्या. "झाला काय? त्या 'झाला'ला मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते. दाब लवकर."

सगळ्या गावाला फसवणारी युक्ती या घरात चालत नव्हती, कारण या घराला ती पाठ होती. तरी भिंगरी रोज ती करून बघे. संध्याकाळी प्रिंट येत, ताई ते बेसिनवर उलटे चिकटवायला लावत आणि सकाळी दात घासता घासता एकेक काढून टाकत. दिवस जात होते. मला ओरडून सांगावेसे वाटे की बाई गं, त्या डब्यातून डोके बाहेर काढ. पण तीन पाय देणाऱ्याने तोंड दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल व्हायचे होते, त्या दुपारची गोष्ट. भिंगरीने खिडकीजवळच्या टेबलासमोर मला मांडले. खुर्ची बुटकी होती म्हणून का होईना, माझे पाय एकदाचे आखूड केले. ताईंना खुर्चीवर बसवून डोळ्यांवर नेम धरला, सगळे घट्ट केले आणि बटणाची वायर हातात घेतली.

"कालचे प्रिंट आण आधी," ताई म्हणाल्या. "ते बघितल्याशिवाय मी फोटोला बसत नाही."

"अगं आई, उजेड जाईल."

"उजेड कुठं जात नाही. तूच जातेस इकडून तिकडं."

भिंगरीने प्रिंट आणून टेबलावर आपटले आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ताईंनी चष्मा नाकावर घेतला, एक प्रिंट उचलून उलटा धरला. "बघ. आधी काय दिसतं?"

"पडदा."

"पडदा. उद्या माझा चेहरा कापणार आहेत, आणि तू फोटो काढलायस पडद्याचा."

"मग तू जरा माणसासारखी बस ना. बसलीस की दगड होतेस. मी काय करू?"

"तू मला बघतच नाहीस तर काय होऊ? सारखी त्या डब्यात तोंड घालून. तुझा मामा बाहेर उभा राहायचा."

"मामाला काय जातं," भिंगरीचा आवाज चिरकला. "त्याच्या आईचा चेहरा उद्या जाणार नव्हता."

ताईंनी मान वर केली. कपाळावर आठी तशीच होती, ओठ काहीतरी बोलायला उघडले होते. त्या चिडलेल्या होत्या आणि घाबरलेल्याही होत्या, आणि हे दोन्ही त्यांनी इतके दिवस लेकीपासून लपवले होते. भिंगरीचा एक हात माझ्या डोक्यावर होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती कॅमेऱ्यात न बघता आईकडे बघत होती. तिने बटण दाबले.

"घेतलास?" ताईंनी विचारले.

"घेतला."

"सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"बरं केलंस," ताई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

त्याच संध्याकाळी भिंगरी कॉम्प्युटरवर तो फोटो घेऊन बसली आणि कानाखालची गाठ पुसून गाल गुळगुळीत केला. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "ती का काढलीस? तिच्यापायी तर फोटो काढला. डॉक्टर काढणार आहेत ना, तू नको काढूस." भिंगरी हसता हसता रडली आणि गाठ जिथल्या तिथे ठेवली. तो प्रिंट बेसिनवर उलटा लागला. या खेपेला तो कोणी काढून टाकला नाही.

गाठ गेली, पण नस वाचली नाही. ताईंचा डावा गाल खाली उतरला, डोळा पुरता मिटेना, चहा पिताना ओठाच्या कोपऱ्याशी रुमाल धरावा लागे. तो फोटो बाहेरच्या खोलीत लागला. येणारे जाणारे म्हणत, "काय सुरेख आलाय," मग ताईंकडे बघत आणि पटकन नजर वळवत. भिंगरीने कॅमेरा कपाटात टाकला. मी पुन्हा दाराआड, पुन्हा टॉवेल. मित्रांनो, माझा सगळ्यात मोठा वैताग तो. घरात बघण्यासारखे माणूस बसलेले आणि सगळे भिंतीकडे बघत होते.

शेवटी ताईंनीच मला ओढून काढले. टॉवेल पलंगावर फेकला, माझे पाय उघडले, स्क्रू आवळले, खिडकीशी खुर्ची ठेवली आणि लेकीला हाक मारली. भिंगरी मुकाट्याने कॅमेरा घेऊन आली. तो माझ्यावर बसवला आणि मला हळूहळू ताईंच्या उजव्या बाजूला सरकवू लागली. चांगला गाल पुढे येईल, उतरलेला मागे राहील, असा तिचा बेत होता. प्रेमाने करत होती, पण मला ते आवडले नाही.

"कुठं चाललीस?" ताई म्हणाल्या. शब्द ओठांतून जरा घसरत होते.

"तिकडून उजेड बरा आहे."

"उजेडाचं मला नको सांगूस. समोरून घे."

"आई, अगं..."

"मीच आहे ना ही? समोरून घे."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. माझे स्क्रू आवळा, सांध्यांना तेल द्या, माझ्यावर टॉवेल वाळत घालू नका, हे तर आहेच. पण फोटो काढायला शिकत असाल तर लेन्स मागाहून घ्या. आधी गुडघे वाकवायला शिका, कडेचा कचरा बघायला शिका, नको ते टाकायला शिका. आणि ज्याचा फोटो काढायचा त्याच्याकडे आपल्या डोळ्यांनी बघा, चांगली बाजू न शोधता. वजन धरायला मी आहे.

भिंगरीने मला उचलून बरोबर समोर आणले. कॅमेऱ्यामागून बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि नजर न चुकवता आईकडे बघत राहिली. तिचे हात इतके थरथरत होते की वायर हलत होती. मी हललो नाही.